पोटगी मिळाली तर दिव्यांगाचे अनुदान बंद होते का?

घटस्फोटाच्या प्रकरणात पोटगीचा आकडा ठरतो तो कौटुंबिक न्यायालयात किंवा दिवाणी न्यायालयात, आणि दिव्यांगाला दरमहा मिळणाऱ्या सरकारी अनुदानाचा निर्णय होतो तो तहसील कार्यालयातील संजय गांधी योजनेच्या शाखेत. या दोन ठिकाणी एकाच माणसाच्या उत्पन्नाचा विचार होतो, पण दोन्हीकडचे कागद एकमेकांसमोर फारसे येत नाहीत. न्यायाधीश आदेश लिहितात तेव्हा त्या आकड्यामुळे अनुदानाचे काय होईल हा प्रश्न बहुधा कोणी विचारलेला नसतो, आणि तहसीलदारांसमोर अर्ज येतो तेव्हा आदेशातील रक्कम खरोखर हातात पडते का, हे सांगणारा कागद जोडलेला नसतो. त्यामुळे दिव्यांग स्त्रीच्या, किंवा दिव्यांग मुलाला सांभाळणाऱ्या आईच्या बाबतीत पोटगी आणि अनुदान हे दोन्ही हक्क असूनही एकाच्या कागदाने दुसरा अडतो. हे टाळता येते, पण त्याचा हिशेब घटस्फोटाच्या अटी लिहितानाच करावा लागतो, नंतर नव्हे.

महाराष्ट्रात या विषयाचा केंद्रबिंदू म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. १९८० पासून चालत आलेल्या या योजनेचे पैसे गावोगाव ‘निराधारचा पगार’ किंवा ‘संजय गांधीचे पैसे’ या नावाने ओळखले जातात. ६५ वर्षांखालील निराधार व्यक्तींसाठी ती आहे आणि तिच्या लाभार्थ्यांत अनेक वर्ग आहेत. आपल्या विषयाला लागणारे वर्ग दोन. पहिला वर्ग दिव्यांगांचा, ज्यात किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. दुसरा वर्ग घटस्फोट प्रक्रियेतील महिलांचा, आणि घटस्फोट झालेल्या परंतु पोटगी न मिळणाऱ्या किंवा योजनेच्या उत्पन्न मर्यादेपेक्षा कमी पोटगी मिळणाऱ्या महिलांचा. म्हणजे पोटगी आणि अनुदान यांचा संबंध योजनेच्या नियमांतच नोंदवलेला आहे, तो कोणा अधिकाऱ्याने स्वतःच्या मनाने लावलेला नाही.

आता आकडे पाहू. सर्वसाधारण वर्गांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, तर दिव्यांगांसाठी ती ५०,००० रुपये आहे. अनुदानाची रक्कमही वेगळी आहे. इतर लाभार्थ्यांना दरमहा १,५०० रुपये मिळतात, आणि दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ही रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये करण्यात आली. दिव्यांगांना जास्त रक्कम देणे ही निव्वळ मेहेरबानी नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातील कलम २४ नुसार, सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्क्यांनी अधिक असली पाहिजे.

या आकड्यांना बाराने भागले की खरे चित्र दिसते. २१,००० रुपये म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, आणि ५०,००० रुपये म्हणजे महिन्याला साधारण ४,१६६ रुपये. समजा, पोलिओमुळे एका पायाने अधू असलेल्या, ५० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या आणि दुसरे काहीच उत्पन्न नसलेल्या एका स्त्रीला न्यायालयाने महिना ३,००० रुपये पोटगी मंजूर केली. वर्षाचे झाले ३६,००० रुपये. तिने ‘घटस्फोटित महिला’ या वर्गातून अर्ज केला तर मर्यादा ओलांडली म्हणून तो नामंजूर होईल. तोच अर्ज तिने ‘दिव्यांग’ या वर्गातून केला तर ती मर्यादेच्या आत आहे, आणि शिवाय तिला १,५०० ऐवजी २,५०० रुपये मिळतील. अर्जाच्या नमुन्यात कोणत्या वर्गापुढे खूण केली, एवढ्याने तिचे महिन्याचे अडीच हजार रुपये येतात किंवा जातात. घटस्फोटाचे दुःख ताजे असते, सोबतचे नातेवाईकही त्याच विषयावर बोलत असतात, आणि म्हणून सेतू केंद्रात अर्ज भरणारा ‘घटस्फोटित’ हाच वर्ग निवडून मोकळा होतो. ज्या स्त्रीकडे ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आहे, तिने दिव्यांग वर्गातूनच अर्ज करावा, हे अगदी ठामपणे सांगावेसे वाटते.

याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक त्रासदायक आहे. पोटगी महिना ४,००० रुपये असेल तर वर्षाचे ४८,००० होतात, अनुदान चालू राहते आणि एकूण ६,५०० रुपये हातात येतात. पोटगी ४,५०० रुपये झाली की वर्षाचे ५४,००० होतात, मर्यादा ओलांडली जाते, अनुदान थांबते, आणि हातात राहतात फक्त ४,५०० रुपये. पोटगी पाचशेने वाढली आणि महिन्याची मिळकत दोन हजारांनी घटली. कारण ही मर्यादा उतरंडीसारखी हळूहळू लागू होत नाही. उत्पन्न रुपयाने वाढले तर अनुदान रुपयाने कमी व्हावे, असा नियम असता तर हा अन्याय झाला नसता, पण आज एक रुपया जास्त झाला तरी पूर्ण अनुदान जाते. म्हणून साधारण ४,१६६ ते ६,६६६ रुपये या टप्प्यातली पोटगी दिव्यांग स्त्रीसाठी एकंदरीत तोट्याची ठरू शकते. याचा अर्थ कमी पोटगी मागावी असा मुळीच नाही. नवऱ्याची ऐपत असेल तर त्या टप्प्याच्या स्पष्टपणे वरची रक्कम मागावी, आणि ती का हवी हे सांगताना अनुदान बंद झाल्याने होणारे वर्षाचे ३०,००० रुपयांचे नुकसान न्यायालयापुढे आकड्यांत मांडावे. ऐपतच कमी असेल, तर तडजोडीत शे-दोनशे रुपयांसाठी ताणून धरण्याआधी ही सीमा कुठे आहे ते पाहावे.

आदेशातली पोटगी आणि हातातली पोटगी

पोटगीचा आदेश होणे आणि पोटगी मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणांतून गेलेल्या प्रत्येक बाईला माहीत असते. पहिले दोन हप्ते येतात, मग एक चुकतो, मग नोकरी सुटल्याचे कारण येते आणि पुढे फोनही उचलला जात नाही. योजनेच्या नियमात ‘पोटगी न मिळणाऱ्या’ महिला असा उल्लेख आहे, ‘पोटगी मंजूर न झालेल्या’ असा नाही. म्हणून आदेश असूनही पैसे येत नसतील तर तशी स्त्री पात्रतेच्या बाहेर जात नाही, असा युक्तिवाद नियमाच्या शब्दांवरूनच करता येतो. मात्र तहसीलदारांना ते कागदावरून दिसले पाहिजे, कारण त्यांच्यापुढे हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल असते आणि तिच्यात रक्कम ठळकपणे लिहिलेली असते.

हा पुरावा उभा करण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे वसुलीची कारवाई. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५, थकलेल्या पोटगीसाठी वॉरंट काढण्याची आणि तरीही पैसे न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीबद्दल एक महिन्यापर्यंतच्या कैदेची तरतूद करते. पण या वॉरंटसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. दोन-तीन वर्षे वाट पाहून एकदम सगळी थकबाकी मागायला गेले की जुन्या महिन्यांबाबत हा मार्ग बंद झालेला असतो. वेळेत केलेल्या वसुली अर्जाचे म्हणून दोन उपयोग आहेत. त्यातून पैसे येण्याची शक्यता असते, आणि आले नाहीत तर त्या अर्जाची पोच, प्रकरणाचा क्रमांक आणि बँकेच्या पासबुकाचा उतारा हे तिघे मिळून तहसील कार्यालयात ‘पोटगी प्रत्यक्षात मिळत नाही’ हे सांगतात. याच कारणासाठी पोटगी रोख घेऊ नये. ती ठरावीक खात्यात जमा व्हावी, असे आदेशातच लिहून घ्यावे, म्हणजे कोणत्या महिन्यात काय आले आणि काय आले नाही याविषयी तोंडी वाद उरत नाही.

थकबाकी एकदम मिळाली तर वेगळीच अडचण उभी राहते. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात असे ठरवून दिले की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. त्यामुळे प्रकरण अडीच वर्षे चालले आणि महिना ३,००० रुपये पोटगी मंजूर झाली तर एकाच वेळी ९०,००० रुपये जमा होऊ शकतात. खात्यातील ही नोंद पाहून कोणी त्या एका वर्षाचे उत्पन्न ९०,००० रुपये धरले तर अनुदान अडते, प्रत्यक्षात मात्र ती रक्कम तीन वेगवेगळ्या आर्थिक वर्षांची असते. अशा वेळी उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जासोबत आदेशाची नक्कल आणि कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंतची थकबाकी आहे याचा तक्ता जोडावा. शक्य असेल तर वकिलांना सांगून हा तक्ता न्यायालयात दाखल होणाऱ्या पुरसिसीतच, म्हणजे पक्षकाराच्या लेखी निवेदनातच, घालावा, कारण न्यायालयाच्या शिक्क्याच्या कागदाला तहसीलमध्ये जे वजन असते ते साध्या कागदाला नसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मिळणारी पोटगी लपवून अनुदान घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. लाभार्थ्यांची पडताळणी होते, खाती आधारशी जोडलेली आहेत, आणि चुकीच्या माहितीवर घेतलेली रक्कम परत मागितली जाऊ शकते. ज्या बाईकडे आधीच काही नाही तिच्यावर वसुलीची नोटीस येणे ही अनुदान न मिळण्याहून मोठी आपत्ती आहे.

न्यायालयात अनुदानाचा उल्लेख कसा करावा

उलट दिशेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. ‘हिला सरकारकडून पैसे मिळतातच, मग पोटगी कशाला?’ असा बचाव नवऱ्याच्या बाजूने घेतला जातो. रजनेश विरुद्ध नेहा या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांना आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात अनुदान दाखवलेच पाहिजे, ते दडवण्याचे काही कारण नाही. मात्र ते दाखवताना त्याचे स्वरूपही सांगावे. हे अनुदान गरजेवर आधारित आहे, उत्पन्न वाढले की ते थांबते, आणि पत्नीला सांभाळण्याची नवऱ्याची जबाबदारी सरकारने स्वतःकडे घेतलेली नाही. ज्याची ऐपत आहे त्याने आपली जबाबदारी सरकारी तिजोरीवर ढकलावी यासाठी ही योजना काढलेली नाही, हे माझे स्पष्ट मत आहे आणि ते न्यायालयात निःसंकोच मांडले पाहिजे.

त्याच निकालात पोटगी ठरवताना विचारात घ्यायच्या बाबींत पती-पत्नीपैकी कोणाचे किंवा मुलाचे गंभीर अपंगत्व अथवा आजारपण यांचाही समावेश केलेला आहे. तरीही बहुतेक अर्जांत दिव्यांगत्व एका ओळीत आटोपलेले असते: ‘अर्जदार अपंग आहे.’ या ओळीतून न्यायाधीशांना खर्च दिसत नाही. खर्च दिसायला हवा असेल तर मेरुरज्जूला इजा झालेल्या स्त्रीच्या अर्जात महिन्याला किती कॅथेटर लागतात, चाकाच्या खुर्चीची गादी किती वर्षांनी बदलावी लागते, बसने जाता येत नसल्याने रुग्णालयाच्या प्रत्येक फेरीला रिक्षाचे किती पैसे जातात, दिवसातून दोनदा उचलून बसवायला येणाऱ्या बाईला काय द्यावे लागते, हे सगळे बिलांसकट आले पाहिजे. श्रवणयंत्र वापरणाऱ्या व्यक्तीने त्याच्या बॅटरीचा आणि दुरुस्तीचा खर्च लिहावा. लग्न टिकलेले असताना यातली बरीच कामे घरातल्या माणसांनी केलेली असतात आणि म्हणून त्यांना किंमत लावलेली नसते. घटस्फोटानंतर तीच कामे पैसे मोजून करून घ्यावी लागतात, हा बदल आकड्यांत दाखवणे हे वकिलाचे काम आहे आणि पक्षकाराने त्याला त्यासाठी कागद पुरवले पाहिजेत.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात ‘पत्नी पोटगीचा सर्व हक्क सोडत आहे’ हे वाक्य इतक्या सहज लिहिले जाते की त्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. कलम १२५ खालचा पोटगीचा हक्क करारातून सोडून देणे सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने घेतलेली आहे, त्यामुळे असे वाक्य लिहिले म्हणजे सगळी दारे कायमची बंद झाली असे नाही. पण ते वाक्य असताना पुन्हा न्यायालयात जाऊन भांडण्यात वर्षे जातात. लवकर सुटका व्हावी म्हणून दिव्यांग स्त्रीने या वाक्यावर सही करू नये.

एकरकमी की दरमहा?

तडजोडीत बहुधा एकरकमी रकमेचा प्रस्ताव येतो आणि त्यात ओढ असते, कारण पुन्हा त्या माणसाच्या मागे फिरावे लागत नाही. उत्पन्नाच्या दृष्टीने दोन्हींत फरक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या निकालानुसार आयकरासाठी दरमहा मिळणारी पोटगी हे उत्पन्न मानले जाते आणि एकरकमी पोटगी ही भांडवली स्वरूपाची जमा मानली जाते, म्हणून तिच्यावर कर लागत नाही. अनुदानासाठीही मुख्य प्रश्न वार्षिक उत्पन्नाचा आहे, आणि एकरकमी रक्कम मुदत ठेवीत ठेवली की तिचे व्याज दरवर्षीचे उत्पन्न होते. पाच लाख रुपयांवर ७ टक्क्यांनी वर्षाला ३५,००० रुपये व्याज येते, जे दिव्यांगांच्या मर्यादेच्या आत आहे. साडेसात लाखांवर त्याच दराने ५२,५०० रुपये येतात आणि मर्यादा ओलांडली जाते.

तरीही एकरकमी रकमेत एक धोका आहे, जो दिव्यांगांच्या बाबतीत इतरांपेक्षा मोठा ठरतो. मस्क्युलर डिस्ट्रॉफी, मल्टिपल स्क्लेरोसिस यांसारखी स्थिती २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत मोडते आणि ती वर्षागणिक बळावते. आज काठी घेऊन चालणाऱ्या स्त्रीला पाच वर्षांनी पूर्णवेळ मदतनीस लागू शकते. दरमहा पोटगी असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५(२) किंवा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ नुसार परिस्थिती बदलल्याचे दाखवून रक्कम वाढवून मागता येते. सगळा हिशेब एकदाच मिटवून घेतलेला असेल तर ही मागणी फार अवघड होते. म्हणून बळावणाऱ्या आजारात दरमहा पोटगी घ्यावी, आणि ती बुडू नये यासाठी कलम २५ मध्येच असलेल्या सोयीनुसार नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर पोटगीचा बोजा चढवून मागावा, असे माझे मत आहे. ज्याची नोकरी अस्थिर आहे आणि मालमत्ताही नाही अशा नवऱ्याकडून मात्र जी एकरकमी रक्कम मिळेल ती घेणेच शहाणपणाचे.

‘मूल १८ वर्षांचे होईपर्यंत’

घटस्फोटाच्या अटींत मुलाच्या खर्चाबद्दल हे शब्द छापील नमुन्यातून येतात. दिव्यांग मुलाच्या बाबतीत ते शब्द घातक आहेत. सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमता असलेले मूल अठराव्या वाढदिवशी स्वतंत्र होत नाही. उलट तेव्हा शाळा संपते, दिवसभर सांभाळायला कोणीतरी लागते आणि खर्च वाढतो. कायद्याने याची दखल घेतलेली आहे. कलम १४४ नुसार शारीरिक किंवा मानसिक विकृतीमुळे अथवा इजेमुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या मुलाला सज्ञान झाल्यावरही पोटगी मागता येते, विवाहित मुलीचा अपवाद वगळता. सज्ञान दिव्यांग मुलग्यासाठी हे कलम विशेष महत्त्वाचे आहे, कारण हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० मध्ये अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, मुले आणि अविवाहित मुलगी यांची तरतूद आहे, सज्ञान मुलग्याची नाही. तेव्हा अटींत ‘१८ वर्षांपर्यंत’ ऐवजी ‘दिव्यांगत्वामुळे स्वतःचा निर्वाह करू शकत नाही तोपर्यंत’ असे लिहून घ्यावे.

याच वयात मुलाच्या स्वतःच्या नावावर दिव्यांग अनुदानाचा अर्ज करायचा असतो आणि मग पुन्हा तोच ५०,००० रुपयांचा प्रश्न येतो. आदेशात पत्नीची पोटगी आणि मुलाचा खर्च एकाच आकड्यात गुंडाळलेला असेल, तर कोणाचे किती हे दाखवता येत नाही. दोन्ही रकमा वेगळ्या लिहून घ्याव्यात. उत्पन्नाचा दाखला कुटुंबाचा असल्यामुळे एवढ्याने मुलाची रक्कम आपोआप वगळली जाते असे नाही, पण पुढे आईची पोटगी थांबली, तिने पुन्हा लग्न केले किंवा मूल वसतिगृहात गेले, तर मुलाचा हक्क त्या घडामोडींपासून सुटा राहतो. औषधे, थेरपी आणि साधने यांचा खर्च वडिलांनी थेट रुग्णालयाला, केंद्राला किंवा विक्रेत्याला द्यावा, अशी तिसरी अट घालणेही उपयोगी पडते.

सज्ञान झालेल्या मुलाच्या वतीने सही कोण करणार, हा प्रश्न घटस्फोटित पालकांत हमखास भांडणाचे कारण होतो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्या सज्ञान व्यक्तींसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्थानिक स्तर समिती पालक नेमते. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यातील ताबा हा अज्ञान मुलापुरता असतो, तो या नेमणुकीची जागा घेत नाही. मूल अठरा वर्षांचे होण्याच्या सुमारास हा अर्ज केला नाही तर बँक खाते चालवण्यापासून अडचणी सुरू होतात. याच न्यासाच्या निरामय योजनेतून अशा व्यक्तींना एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य संरक्षण मिळते, आणि आईवडील एकत्र राहतात की नाही याचा तिच्याशी संबंध नाही.

नोकरीतून येणाऱ्या हक्कांकडेही पाहिले पाहिजे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या घटस्फोटित पत्नीला त्याच्या मृत्यूनंतर कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही. न्यायिक विभक्तता झालेली, म्हणजे लग्न न मोडता न्यायालयाच्या आदेशाने वेगळी राहणारी, पत्नी मात्र कुटुंबाच्या व्याख्येत राहते. हा फरक कळला तर काही जणी घटस्फोटाऐवजी न्यायिक विभक्तता निवडतील, आणि निदान निवडीची संधी तरी त्यांना मिळायला हवी. दिव्यांग अपत्याचा हक्क आईवडिलांच्या घटस्फोटाने जात नाही. निकष पूर्ण होत असतील तर त्याला आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्यासाठी वडिलांच्या कार्यालयातील कुटुंबाच्या तपशिलात मुलाचे नाव आणि दिव्यांगत्वाची नोंद असावी, आणि ती करून दिल्याची प्रत वडिलांनी अमुक दिवसांत द्यावी, अशी अट तडजोडीतच घालता येते. कारखान्यात कामाला असलेल्या वडिलांच्या कर्मचारी राज्य विम्यातही त्यांच्यावर पूर्णपणे अवलंबून असलेल्या दिव्यांग अपत्याला वयाची अट न लागता कुटुंबात धरले जाते. पत्नीचे संरक्षण मात्र घटस्फोटाबरोबर संपते, म्हणून तिच्या पोटगीच्या हिशेबात आरोग्य विम्याचा हप्ता आला पाहिजे.

नवरा दिव्यांग असेल तर

कलम १४४ खाली पत्नी, मुले आणि आईवडील यांना पोटगी मागता येते, नवऱ्याला नाही. हिंदू विवाह कायद्याची कलमे २४ आणि २५ मात्र पती आणि पत्नी दोघांनाही खुली आहेत, त्यामुळे अपघातात अंथरुणाला खिळलेला नवरा कमावत्या पत्नीकडून अंतरिम किंवा कायमची पोटगी मागू शकतो. त्याच्यावर पोटगीचा दावा झाला असेल तर प्रश्न ‘पुरेशी ऐपत’ असण्याचा आहे. ज्याचे सगळे उत्पन्न निराधारचे २,५०० रुपये आहे, त्याला पुरेशी ऐपत आहे असे म्हणता येणार नाही. पण दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र म्हणजे पोटगीतून माफी नव्हे. चार टक्के आरक्षणातून सरकारी नोकरीत लागलेला आणि नियमित पगार घेणारा कर्मचारी इतरांइतकाच जबाबदार आहे. निवृत्तिवेतनाला हात लावता येत नाही हा समजही सरसकट खरा नाही. पोटगीच्या वसुलीसाठी निवृत्तिवेतन जप्त करता येते, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये म्हटले आहे.

लाडकी बहीण योजनेबद्दलही विचारणा होते. त्या योजनेत २१ ते ६५ वयाच्या घटस्फोटित आणि परित्यक्ता महिलाही येतात आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना १,५०० किंवा अधिक रुपये घेणारी महिला तिला पात्र नाही, म्हणून निराधारचे अनुदान आणि हे पैसे दोन्ही एकत्र मिळत नाहीत. पण पोटगीमुळे ५०,००० ची मर्यादा ओलांडून जिचे निराधारचे अनुदान थांबले आहे, ती नोंदणी खुली असताना येथे अर्ज करू शकते.

धर्मामुळे यातल्या बहुतेक गोष्टी बदलत नाहीत. कलम १४४ सर्वांना लागू आहे, आणि घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही जुन्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ च्या निकालात पुन्हा स्पष्ट केले आहे.

तडजोडीवर सही करण्यापूर्वी हे सगळे तपासून देणारा वकील परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. तेथे जाताना यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे विशिष्ट ओळखपत्र) किंवा दिव्यांगत्व प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, पासबुक, सध्या मिळणाऱ्या अनुदानाचा मंजुरी आदेश आणि समोरच्या पक्षाने पाठवलेल्या अटींचा मसुदा सोबत न्यावा, आणि पोटगीच्या प्रत्येक प्रस्तावित आकड्याला बाराने गुणून तो ५०,००० च्या आत येतो की बाहेर जातो, हे वकिलासमोरच करून घ्यावे.